बोळकं नाणं

४ जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या आईने ते मला दोनदा वाचून दाखवलं, एकदा भाजी निवडताना आणि एकदा नीट. दोन्ही वेळा मला कळलं ते एवढंच, की आमची नात चौकातल्या नाणेवाल्याकडे गेली आणि पैसे देऊन पैसे विकत घेऊन आली. तेही असे, जे आता दुकानात चालत नाहीत. चालणारे दिले आणि न चालणारे घेतले. तुला मी लहानपणी हिशोबात हुशार समजत होते.

रागावू नकोस. तू लिहिलंस की त्या तीन नाण्यांना पारदर्शक पाकिटं आहेत, त्यांना चिमट्याने उचलायचं असतं आणि भिंगाखाली धरलं की जहाजावरची दोरीसुद्धा दिसते. वाचताना तुझ्या आईचा आवाजही मऊ झाला. लहानपणी तू एका जागी बसत नव्हतीस म्हणून तुझ्या आजोबांनी तुला भिंगरी म्हटलं. आता दिवसभर चष्म्याच्या काचा घासत भिंगाला डोळा लावून बसतेस. नावातली 'री' कधी गळाली ते कळलंच नाही.

पण विकत घेण्यात काय गंमत असते ते मला सांग बाई. मी लाँड्रीत पन्नास वर्षं लोकांचे खिसे उलटे केले. वाफेने समोरचं दिसत नसे. बोटं खिशाच्या तळाशी जायची, आधी चिंधी, मग कसपट, मग कुणाच्या चिठ्ठीचा लगदा, आणि मग शिवणीत अडकलेलं ते गार, गोल. छातीत काहीतरी टुण्णकन उडायचं. मालकांचा नियम होता की खिशात सापडलेली वस्तू पुडीत बांधून त्याच कपड्याला टाचायची. मी तो एकदाही मोडला नाही. नाणं परत दिलं तरी सापडल्याचा आनंद थोडाच परत द्यावा लागतो. तो माझ्याकडेच राहायचा. हौदाच्या जाळीत अडकलेली नाणी मात्र कुणाची ते कळायचं नाही, ती मालक मला घेऊ देत. तीच माझी बरणी. त्यातलं एकेक मी नुसत्या अंगठ्याने ओळखते. मला अक्षर येत नाही, पण नाणं वाचता येतं.

हा अंगठा परवा कचेरीत फार गाजला. कागदावर उठवायला गेले तर शाई उठली, रेषा उठल्याच नाहीत. सोड्याने सगळ्या खाऊन टाकल्या. कारकून म्हणाला, आजी, हा अंगठा चालणार नाही. म्हटलं, भल्या माणसा, अंगठेबहाद्दर बाईचा अंगठाच चालला नाही तर तिने करायचं काय? शेवटी मी माझी लाँड्रीतली खूण काढून दिली, दोन तिरप्या रेघा आणि मध्ये टिंब. पन्नास वर्षांत कपड्यांवर मी तेवढंच लिहिलं. त्याने ती सही म्हणून घेतली.

तुझी आई म्हणते हात दुखला. लोभ इस्त्री करून ठेवलाय, घडी मोडू नकोस.

तुझी आजी
(खूण तिने स्वतः काढली आहे.)


१६ जानेवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझ्या पत्राने आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत फार करमणूक केली. मी हसताना एका म्हातारबुवांची काच एक कड जास्त घासली गेली. मालक म्हणाले, पत्र पुन्हा आलं तर सुट्टीच्या दिवशी उघड.

सापडणं मोठं, हे मला मान्यच आहे. तू हौदाच्या जाळीत हात घालून उभी असायचीस ते मला आठवतं. मी तुझ्या पदराला धरून असे, आणि तू न बघता सांगायचीस की हे जहाजाचं, हे चाकाचं, आणि हे नाणंच नाही, बटण आहे. मला तेव्हा ती जादू वाटायची. खरं म्हणजे अजूनही वाटते. मी डोळ्याला भिंग लावून जे बघते ते तू वाफेत अंगठ्याने बघायचीस. माझं हे वेड तुझ्याच हौदातून आलंय. पण मला हौद कुठून मिळणार? लोक आता माझ्याकडे चष्मे देतात. चष्म्याला खिसा नसतो.

म्हणून विकत घेते. आणि आता जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती गोष्ट सांगते. माझ्या वहीत जहाजाच्या नाण्यांचं एक पान आहे. एका वर्षाचं एक, अशी सगळी घरं भरली. फक्त एक रिकामं आहे. त्या एका वर्षी टाकसाळीत काहीतरी बिघडलं आणि थोडी नाणी कडेला दाते न पडता बाहेर आली. जहाज तेच, वजन तेच, पण कड एकदम गुळगुळीत. नाणेवाल्याने आयुष्यात दोनच पाहिली. तो म्हणतो, मिळालं तर बघताना श्वाससुद्धा जपून घ्या, कारण एक चरा पडला की ते नाणं गेलंच. खरचटलेल्या नाण्याला कोणी हात लावत नाही.

पुढच्या महिन्यात इथे लिलाव आहे आणि त्यात एक येणार आहे म्हणतात. मी वर्षभर त्यासाठी बाजूला टाकतेय. तरी तुला विचारून ठेवते, पन्नास वर्षांत तुझ्या अंगठ्याखालून असं कधी गेलं का, दाते नसलेलं?

आईला नमस्कार. माझ्यावरची माया धुण्यात जाऊ देऊ नकोस, रंग पक्का आहे.

तुझी,
भिंगरी


२९ जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

वि. वि. दाते नसलेलं म्हणजे बोळकं. सरळ बोळकं म्हण की. मला वाटलं टाकसाळीतलं काही अवघड असेल. तुझी आई वाचताना थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी हसत होते, आणि माझ्यासुद्धा तोंडात आता सांगण्यासारखं काही उरलं नाही.

बोळकं माझ्याकडे आहे.

आता नीट बस आणि ऐक. आमच्या लाँड्रीत एका घड्याळजीचा काळा कोट येत असे. एकदा त्याच्या खिशात हात घातला, तर जहाजाचं नाणं, पण अंगठ्याला काही बोलेना. इतर नाणी कशी खरखर बोलतात, हे आपलं गप्प. मी पुडी बांधली, कोटाला टाचली. पुढच्या महिन्यात कोट आला, त्याच खिशात तेच नाणं. पुन्हा पुडी. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी स्वतः काउंटरवर गेले आणि त्यांना म्हटलं, अहो, याला घरी कुठेतरी जागा द्या, हे दर महिन्याला आंघोळ करून दमलंय. ते म्हणाले, कुठलाच दुकानदार घेत नाही, कडेवरून नख फिरवतात आणि खोटं म्हणून परत देतात. मग म्हणाले, तुम्हाला तीनदा सापडलं, मला एकदाही नाही, म्हणजे ते तुमचंच आहे. त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि कोट घेऊन गेले. एकच नाणं तीनदा सापडलेली दुसरी बाई तुझ्या त्या नाणेवाल्याने पाहिली असेल तर मला कळव.

ते बरणीत टाकलं. तेव्हापासून बरणी उपसली नाही, वरून भर मात्र पडत गेली. आता मी रोज दुपारी खिडकीपाशी बसून एकेक नाणं अंगठ्याखालून घालते आहे. तुझी आई मध्ये मध्ये येते आणि मी बघू का म्हणते. तिला सांगितलंय, नाणं मला सापडलं होतं, तर पुन्हाही मलाच सापडेल. तू लिलावाला जाऊ नकोस. बोलायचंच असेल तर तिथे जाऊन सांग की आमच्या घरी एक आहे, आणि परत ये.

इतकं मी सांगितलं. पण माझी वाक्यं संपल्यावरही तुझ्या आईची लेखणी चालताना ऐकू येते आहे. सही कुठे करायची ते विचारल्यावर म्हणाली, थांबा, जागा शोधते.

आशीर्वाद भरपूर आहेत, पिळून वाळत घातलेत.

तुझी आजी
(खूण)

ता. क. बेटा, हे माझं, आईचं. दुपारी तिचा डोळा लागला की मी तिच्या बरणीतलं प्रत्येक नाणं कडेने बघितलं. दोनदा बघितलं. गुळगुळीत कडेचं एकही नाही. आणि दुसरं त्याहून वाईट. तिचा अंगठा बधिर झालाय. चहाचा कप तापलेला आहे हे तिला धरल्यावर कळत नाही, ओठाला लागल्यावर कळतं. आठवडा झाला, खरखरीत नाणीसुद्धा गप्प आहेत म्हणते. काल मला म्हणाली, नाणं हरवलं नसेल गं, मीच हरवले असेन. तिला असं बोलताना मी या घरात आल्यापासून कधी ऐकलं नाही. तुला एक मागते. लिलावात ते नाणं घेता आलं तर घे आणि मला पाठव. तुझ्या वहीसाठी नाही, तिच्या बरणीसाठी. मी ते तिच्या हाताखाली ठेवीन.


८ फेब्रुवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. बोळकं हा शब्द मी दुकानातल्या सगळ्यांना सांगितला. नाणेवाल्याकडे जाऊन म्हटलं, तुमच्याकडे बोळकं आहे का, तर त्याने नम्रपणे स्वतःचे दात दाखवले.

तीनदा सापडलेल्या नाण्याची गोष्ट मी त्याला सांगितली. त्याने चिमटा खाली ठेवून ऐकली. म्हणाला, तुमच्या आजी माझ्या धंद्यात असत्या तर मी हात जोडून दुसरा धंदा धरला असता. घाई करू नकोस, आजी. रिकामं घर इतकी वर्षं रिकामं आहे, अजून थोडे दिवस राहील. ऊन खिडकीत आहे तोवर शोध, मग बरणीला झाकण घाल आणि उठ.

तुझ्या मायेवर इस्त्रीचा डाग पडणार नाही याची मला खात्री आहे.

तुझी,
भिंगरी

(वेगळ्या चिठ्ठीवर)

आई, ही चिठ्ठी वाचून फाडून टाक. मी घेते. वहीचं घर नंतर बघू. आजीला कळता कामा नये, एवढं तू सांभाळ.


२३ फेब्रुवारी

ती. आईस,

सा. न. वि. वि. हे पत्र तुझ्या नावाने शेजारच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे पोस्टमन ते आजीसमोर देणार नाही, तू तिथून घे. सोबतच्या डबीत नाणं आहे. कापसात ठेवलंय. उघडताना हात कोरडे ठेव, आणि बोट फक्त कडेला लाव.

लिलावाची गोष्ट आजीला सांगता येत नाही म्हणून माझा जीव कासावीस झालाय, निदान तुला सांगते. खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता, आणि खुर्च्यांवर वीसेक माणसं, बहुतेक सगळी कान लाल झालेली. आपलं नाणं सत्ताविसावं होतं. आधीची सव्वीस मी कशी पाहिली हे मला आठवत नाही. मग ते आलं. एका पांढऱ्या तबकात, एकटंच. माझ्या पुढच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ होते, करड्या टोपीचे. बाकीचे एकेक करून गळाले आणि आम्ही दोघंच राहिलो. मी हात वर केला की ते वळून बघत. रागाने नाही हं. जणू मला पारखून बघत होते. शेवटी मी माझ्या पैशांच्या अगदी काठावर आले. आणखी एकदा त्यांनी हात वर केला असता तर मला खाली बसावं लागलं असतं. त्यांनी हात वर नेला आणि टोपी सारखी केली.

बाहेर पडताना ते माझ्यापाशी थांबले. म्हणाले, मुली, तुझा हात प्रत्येक वेळी थरथरत होता, माझा आता थरथरत नाही, म्हणून सोडलं. एवढं बोलून ते काठी टेकत गेले.

आजी म्हणते विकत घेण्यात काय गंमत. आई, छातीत टुण्णकन उडालं. अगदी तसंच, जसं तिने लिहून पाठवलं होतं. आणि हे मी तिला कधीच सांगू शकणार नाही, कारण मग नाणं तिचं राहणार नाही.

नाण्याला एकसुद्धा चरा नाही. मी भिंगातून अर्धा तास बघितलं. ते तिच्या बरणीत इतर नाण्यांवर आपटेल, खरचटेल, हे मला माहीत आहे. आपटू दे.

आपल्या दोघींचं हे गुपित तुझ्या पदराला गाठ मारून ठेव.

तुझी,
भिंगरी


७ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

वि. वि. सापडलं.

मंगळवारी दुपारी बसले होते. तुझी आई शेजारी येऊन बसली, जी त्या वेळी कधी बसत नाही, आणि म्हणाली, आज या बाजूची नाणी बघा. बघितली. पाचवं की सहावं असेल. अंगठ्याने काही सांगितलं नाही, म्हणून खालच्या ओठावरून फिरवलं. ओठ अजून शहाणा आहे. बोळकं निघालं.

फार छान नाणं आहे. जहाज अगदी नवंकोरं वाटतं. हे मी तुझ्या आईला सांगितलं तर ती उठून आत गेली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली.

तुला लगेच पाठवत नाही. थोडे दिवस माझ्याजवळ राहू दे. बाकी तब्येत बरी. खालचे टायपिस्ट सारखे टकटक करतात, त्यामुळे दुपारी झोप लागत नाही.

आशीर्वाद खळ घालून कडक केलेत, लवकर चुरगळणार नाहीत.

तुझी आजी
(खूण)

ता. क. बेटा, आई. तू तिचा चेहरा बघायला हवा होतास. नाणं ओठावर धरून ती एकदम थांबली. माझ्याकडे बघितलं, पुन्हा नाणं ओठावर फिरवलं, आणि मग इतकं हसली की खिडकीतला पक्षी उडाला. सापडलं गं, म्हणाली. तेव्हापासून नीट जेवते आहे. तुझे उपकार कसे मानू.


१९ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र टाइप केलेलं बघून घाबरू नकोस, मला कचेरीत नोकरी लागलेली नाही. मी खालच्या टायपिस्टांकडे बसून सांगते आहे. बदल्यात त्यांच्या चार कॉलरना इस्त्री करून द्यायची आहे. ते सज्जन आहेत पण एक खोड आहे, जे बोललं ते सगळं टाइप करतात. हे टाइप करू नका असं मी आत्ता म्हणाले, तेही टाइप झालं.

तुझी आई बाजारात गेली आहे. तिने हे वाचायचं नाही. कारण तिच्या लेखणीने आजवर माझ्या चार वाक्यांची आठ केली, आणि मी अक्षर शिकले नसले तरी लेखणी किती वेळ चालते ते मला ऐकू येतं.

त्या मंगळवारी जे सापडलं ते माझं बोळकं नाही. मला ओठाला लागताक्षणी कळलं. तुला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. तू लिहिलं होतंस की खरचटलेल्या नाण्याला कोणी हात लावत नाही, म्हणून लाज वाटून गप्प बसले. माझ्या बोळक्यावर मी खूण कोरली होती. घड्याळजींनी दिलं त्याच दिवशी, सुईने, जहाजाच्या शिडावर. दोन तिरप्या रेघा, मध्ये टिंब. कारण तुझ्या आजोबांचा हात चहाच्या वेळी माझ्या नाण्यांकडे वळत असे, आणि मला त्यांना दाखवायचं होतं की हे घरातलं नाही, हे माझं आहे. नवीन कपड्यावर खूण घालतात तसं. तुमच्या धंद्यात याला नाणं नासवणं म्हणतात हे मला कुठे ठाऊक.

तर ओठावर बोळकं आलं आणि शीड गुळगुळीत. वर कापसाचा एक धागा चिकटलेला. समोर तुझी आई, श्वास धरून बसलेली. तेव्हा मला सगळं दिसलं. तू जिच्यासाठी वर्षभर थांबलीस ती गोष्ट घेऊन तू माझ्या बरणीत टाकलीस. तुझ्या आजोबांनी तुला भिंगरी म्हटलं असेल ते असो, एवढं एका जागी उभं राहायला जमतं कसं तुला? मी हसले ते त्यासाठी. सापडलं गं म्हटलं तेही खरंच. मी शोधत होते नाणं, हाती लागल्या दोन चोरट्या.

आणि विकत घेण्यात काय गंमत, हे मी विचारलं होतं, ते शब्द मी परत घेते. टायपिस्ट म्हणतात लिलावात हात वर करायला काळीज लागतं. मला कुणी कधी लिलावात बोलावलं नाही, पण ते तुझं काळीज मी ओठावरून ओळखलं.

आता पुढचं. हे माझं नाही तर माझं गेलं कुठे? मी विचार केला. आपल्या घरात माझ्या नाण्यांना माझ्याशिवाय हात लावणारा एकच माणूस होता. त्यांचा करडा कोट पेटीत आहे. बाहेर काढला, खिसे उलटे केले, काही नाही. पण उजव्या खिशाच्या तळाला बोटभर भोक. ते भोक मी त्यांना शंभरदा शिवून देते म्हणाले होते आणि ते शंभरदा राहू दे म्हणाले होते. कोट उचलून झटकला तर अस्तरात खाली, मागच्या दुमडीत, काहीतरी सरकलं.

त्यांनी ते चहावाल्याकडे नेलं असणार. त्याने नख फिरवून परत दिलं असणार. मग मला सांगायची चोरी, आणि बरणीत परत ठेवायची तर त्याहून चोरी, म्हणून खिशात ठेवलं आणि खिशाने गिळलं. माझी खूण बघूनही नेलं, इतका धीर त्या माणसात होता हे मला आत्ता कळतंय. चौथ्यांदा सापडलं, बाळ, आणि चौथ्यांदाही कोटातच. भोक त्यांनी शिवू दिलं नाही म्हणून. मी तिथेच पेटीवर बसले आणि त्यांना दोन शब्द सुनावले. टायपिस्ट, ते शब्द टाइप करू नका. बरं झालं, हे त्यांनी ऐकलं.

कोट मी धुतला, वाळवला, इस्त्री केली. खिशाचं भोक शिवलं. तो तुला वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. नाणं त्यातच आहे. पण जिथे होतं तिथे नाही. कुठे शिवलंय ते सांगणार नाही. तुला हौद मिळाला नाही अशी तुझी तक्रार होती ना. हा घे. उसवायला कात्री वापरू नकोस, बोटांनी शोध.

बाजारात त्याला काही किंमत नाही, कारण त्यावर चरा आहे. तुझ्या वहीत ठेवायचं की नाही ते तू ठरव. तू पाठवलेलं नवंकोरं इथे बरणीत सगळ्यात वर ठेवलंय. तुझी आई येता-जाता त्याच्याकडे बघते आणि तिचा दिवस बरा जातो. तिला यातलं काही कळू देऊ नकोस. तिने मला एवढं छान फसवलंय, ते फुकट जायला नको.

अंगठा गेला आहे, ते खरं. ओठ आहे.

टायपिस्ट म्हणतात कागद संपला. आशीर्वाद मागच्या बाजूला आहेत असं समज.

तुझी आजी
(खूण. ही टाइप होत नाही म्हणून पेनाने काढली.)


२ एप्रिल

ती. आजीस आणि ती. आईस,

सा. न. वि. वि. आईने हे आजीला मोठ्याने वाचून दाखवावं.

आजोबांचा कोट पोहोचला. मला खांद्यात थोडा मोठा होतो, बाकी जणू माझ्यासाठीच शिवलाय. आजी, एवढी इस्त्री कोणी करतं का, मी दोन दिवस त्याची घडी मोडली नाही.

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. दार लावून घेतलं, भिंग कपाटात ठेवलं आणि खिडकीत बसून नुसत्या बोटांनी सगळा कोट पाहिला. खिसे, बाह्या, अस्तर, दुमड, गळा. दुपारपर्यंत काही नाही. कोट अगदी स्वच्छ निघाला. मी तुझी जुनी खूण शोधत होते, कपड्यांवर घालायचीस ती. ती डाव्या बाहीच्या आत, कफाच्या शिवणीत, दोन पदरांच्या मध्ये होती. बोट त्यावर गेलं तेव्हा मी किती वेळ तिथेच बोट ठेवून बसले ते मला सांगता येणार नाही. आधी उसवलंच नाही. मग उसवलं.

दोन तिरप्या रेघा, मध्ये टिंब. उजेडात फार सुंदर दिसते. पन्नास वर्षांत एवढंच लिहिलंस म्हणतेस, पण एवढं स्वतःचं असं अक्षर मी कुणाचं पाहिलं नाही.

संध्याकाळी चौकातल्या नाणेवाल्याला दाखवली. त्याने बराच वेळ भिंग लावून बघितलं, मग भिंग काढून बघितलं. मी विचारलं, अशी विकत कुठे मिळेल? तो म्हणाला, विकत मिळाली असती तर मी आधी घेतली असती.

ती खूण मी तिच्या जागेवर ठेवली आहे. पान आता पूर्ण भरलं.

आई, आजीचं बोळकं बरणीत वरच राहू दे, तिथे शोभतं. आणि तुझी लेखणी मध्ये मध्ये जास्त चालू दे, आजीला त्याचा आवाज आवडतो.

या कोटाचे खिसे मी रिकामे ठेवणार नाही, तुम्हा दोघींचा लोभ त्यातच ठेवते. एक भोक मात्र मी पुन्हा पाडणार आहे.

तुमची,
भिंगरी